आबांचं चालणं

चौकात आबांचा फ्लेक्स लागला त्याला आता महिना होऊन गेला. पांढरा सदरा, पांढरी टोपी, पायात पांढरे बूट, हात कमरेवर. खाली लिहिलंय, 'आरोग्याचा दीपस्तंभ हरपला'. दशक्रियेच्या दिवशी घाटावर चार जण बोलायला उभे राहिले. एक म्हणाला, आबांनी गावाला चालायला शिकवलं. दुसरा म्हणाला, आबांनी नाचणीला पुन्हा मान मिळवून दिला. तिसरा शेजारच्या सोसायटीतला होता. तो म्हणाला, स्वतःच्या पत्नीचा आजार वेळेत ओळखून तिचा जीव वाचवणारा असा नवरा आजच्या काळात शोधून सापडायचा नाही. मी बायकांच्या घोळक्यात अक्कांच्या शेजारी बसले होते. अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ, आबांची बायको. ते बोलणं ऐकून अक्कांनी पदराआडून हळूच माझ्याकडं पाहिलं आणि मला हसू आलं. दशक्रियेला हसू! मी खोकल्याचं निमित्त केलं आणि तोंडावर पदर घेतला.

चौथ्यानं काय सांगितलं ते माझ्या कानात शिरलं नाही. घरी आल्यावर नातीची अर्धी कोरी वही काढली. जे झालं ते कुठंतरी लिहिलेलं असावं, एवढंच. कुणाला दाखवायचं नाही.

आबा माझे थोरले दीर. आमच्यात थोरल्या दिरासमोर भावजय बोलत नाही. डोक्यावर पदर, नजर खाली, आणि ते अंगणात आले की आपण आत. तीस वर्षं आम्ही एका अंगणात राहिलो. वाटणी झाली, चुली वेगळ्या झाल्या, तरी दोन्ही स्वयंपाकघरांची दारं समोरासमोरच राहिली. पण आबांचा आणि माझा एक शब्द कधी झाला नव्हता. माझ्याकडून काही हवं असलं की ते भिंतीला सांगायचे. "कुनीतरी च्या टाका." "कुनाच्या तरी कोंबड्या वांग्यात शिरल्यात." मीही ते भिंतीनं सांगितल्यासारखं ऐकायची आणि करायची. मुळात माझा स्वभाव बोलायचा नाही, त्यामुळं मला ते जड गेलं नाही. उलट एक सोय होती. बोलायचं नसलं की माणूस नीट बघता येतो.

आबा पैलवान होते असं गाव म्हणतं. ते तालमीत सहा महिने गेले आणि जन्मभर पैलवान राहिले. माझे मालक त्यांचे सख्खे धाकटे भाऊ, त्यांनीच मला सांगितलं की आबांनी जत्रेत कुस्ती धरली ती एकदाच, आणि समोरचा गडी आलाच नाही म्हणून आबांना नारळ मिळाला. त्या कुस्तीची गोष्ट आबांच्या तोंडून मी इतक्यांदा ऐकली, की न आलेल्या पैलवानाचा चेहरासुद्धा मला ओळखीचा वाटायला लागला.

जमीन विकेपर्यंत त्यांनी शेतात काम केलं नाही असं मी म्हणणार नाही. बांधावर उभं राहून सांगायचं काम ते करत. खाचरात वाकून लावणी करायची ती अक्कांनी, मी आणि रोजानं आलेल्या बायकांनी. रस्त्याकडची जमीन बिल्डरला गेल्यावर बांधावर उभं राहायचंही काम उरलं नाही. मग ते ओट्यावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसायला लागले. पोट पुढं आलं, पाय बधिर व्हायला लागले, आणि पौडच्या डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितलं, साखर आहे. भात कमी करा, गोड बंद करा, रोज तासभर चाला.

साखर निघाली म्हणून दुसरा माणूस खचला असता. आबा एसटीतून उतरले ते निवडून आल्यासारखे. आम्हा सगळ्यांना ओट्याशी बोलावलं.

"आजपासनं ह्या घरात भात बंद," ते म्हणाले. "साखर बंद. तळान बंद. मैदा बंद."

"डाक्टरनी चालायबी सांगितलंय न्हवं?" अक्कांनी विचारलं.

"ते माजं मी बघतो. तू तुजं बघ. माणसाला शिस्त पायजे, शिस्त."

हे त्यांचं पेटंट वाक्य. म्हणताना उजव्या हाताचं बोट वर जायचं. शिस्त त्यांना फार आवडायची, पण ती नेहमी दुसऱ्यानं पाळायची असायची.

आमच्याकडं पावसात चिखलात उभं राहून इंद्रायणी लावतात. पाहुण्याच्या ताटात भात पडला नाही तर त्याला उपाशी लावून दिल्यासारखं वाटतं. त्या घरात भात बंद झाला. मग काय सुरू झालं ते सांगते. पहाटे अक्का उठायच्या आणि रात्री भिजवलेल्या मेथीचं पाणी गाळायच्या. सात बदाम सोलून बशीत ठेवायच्या. कारलं किसून, पिळून त्याचा रस. मोड आलेले मूग वाफवून, वर लिंबू. साय काढलेलं दूध. नाचणीची भाकरी, पण पातळ आणि गरम. दुपारी ज्वारीची. मधल्या वेळेला जांभळाच्या बियांची पूड, ती अक्का पाट्यावर वाटायच्या, कारण मिक्सरमधली आबांना रवाळ लागायची. सगळं खुर्चीपर्यंत पोचवायचं. आबा घोट घ्यायचे, तोंड वाकडं करायचे आणि म्हणायचे, "लई कडू हाय. पन घेतो." जणू उपकार.

नाचणीचं तर मला फारच वाटायचं. आमच्या लहानपणी नाचणी म्हणजे डोंगरावरच्या गरिबाचं खाणं. सोयरीक जुळवताना घरात नाचणी खातो हे कुणी सांगत नसे. आबांचा मुलगा संदीप हिंजवडीत कंपनीत आहे, तिकडंच चांदे गावाजवळ फ्लॅटमध्ये राहतो. त्यानं तीच नाचणी पाकिटातून आणून दिली, पाकिटावर पळणाऱ्या बाईचं चित्र. तेव्हापासून आबांना वाटायला लागलं की नाचणी त्यांनीच शोधून काढली.

आणि अक्का काय खायच्या? एका चुलीवर दोन स्वयंपाक कशाला, म्हणून त्यांचाही भात बंद झाला. चहा बिनसाखरेचा झाला, साखर नसलेल्या बाईचा. मूग वाटीभर, ते आबांचे. दूध डेअरीला, त्यातलं पेलाभर आबांना. सगळं आवरून, म्हशीला पेंड घालून, भांडी काढून अक्का बसायच्या तेव्हा टोपल्यात एक-दीड भाकरी असायची आणि तव्यावर ठेचा. बदामाची सालं मात्र त्या तोंडात टाकायच्या. मी एकदा विचारलं, "अक्का, सालं कशाला खाताय?" तर म्हणाल्या, "बादामच हाय की त्योबी. कपडे काढलेला त्यो ह्यांला, कपडे मला."

अशा होत्या अक्का. हसायला त्यांना काहीही पुरायचं.

इकडं आबांना आठवड्यातून दोनदा पौडला तहसीलात काम निघायचं. जमीन विकून झाली तरी त्यांची तहसीलातली कामं संपली नाहीत. माझे मालक लवळ्याच्या कॉलेजची बस चालवतात. त्यांनी बस थांबवल्यावर दोनदा डोळ्यांनी पाहिलं. स्टँडसमोर आबा मिसळ खात होते, तर्री जादा, पाव तीन. रक्त तपासायची तारीख जवळ आली की मात्र आधीचे तीन दिवस आबा साधू व्हायचे. कारलंच कारलं. रिपोर्ट बरा यायचा आणि ते तो ओट्यावर मोठ्यानं वाचून दाखवायचे. डॉक्टरला फसवलं म्हणून खूश. आपलंच रक्त आपल्यालाच फसवतंय, हे त्यांच्या डोक्यात शिरत नव्हतं.

चालण्याचंही असंच. संदीपनं पांढरे बूट आणून दिले. आमच्या विकलेल्या खाचरात आता सोसायटी आहे आणि जिथं आमचा ओढ्याकडचा तुकडा होता तिथं गोल फिरायची वाट केलीय. आबा पहिल्या दिवशी तिथं गेले तर वॉचमननं अडवलं, "अंकल, कौनसा फ्लॅट?" आबा म्हणाले, "फ्लॅट न्हाई. तू उबा हाय ती जमीन माजी व्हती." त्या बिचाऱ्याला काय कळणार. पण अध्यक्ष भला माणूस होता, त्यानं सकाळी यायची परवानगी दिली. आबा दोन फेऱ्या मारायचे आणि बाकावर बसायचे. तिथं नागपूर-अकोल्याकडची, साताऱ्याकडची नोकरीवाली माणसं फिरायला यायची. त्यांना आबा सांगायचे, आमच्या काळचं दूध, आमच्या काळचं खाणं, आमची कुस्ती. ती माणसं म्हणायची, "काका, वय वाटत नाही तुमचं." एवढं ऐकलं की आबांचा व्यायाम झाला.

मग संदीपनं ते घड्याळ आणलं.

"आबा, हे तुमची पावलं मोजतं," तो म्हणाला. "झोप मोजतं, नाडीचे ठोके मोजतं. सगळं माझ्या मोबाईलवर दिसतं."

"म्हंजी तिकडं बसून तू मला बघनार?"

"काळजी म्हणून, आबा."

तिसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. "आबा, काल नऊशेच पावलं? परवा सातशे?"

"तुज्या घड्याळात खोट हाय," आबा म्हणाले. शिवाय ते घड्याळ तासभर बसलं की मनगटावर थरथरायचं, उठा म्हणून. आबांना त्याचा फार राग यायचा. "हे कोन मला ऊट म्हननारं?"

आठवड्यानं सकाळी मी माझ्या दारात तांदूळ निवडत होते, तर समोर आबा घड्याळ काढून अक्कांपुढं उभे.

"हात कर हिकडं."

अक्कांचे हात पिठात. "मला काय करायचंय? मला येळ म्हस सांगती."

"येळ न्हाई बघायची. नुसतं हिंडायचं. तू तशीबी हिंडतीसच दिसभर."

आणि त्यांनी पिठाच्या हातावर, बांगड्यांच्या वर ते घड्याळ बांधलं. दुसऱ्या दिवशी संदीपचा फोन आला, आबांनी तो मोठ्या आवाजावर लावला. "आबा! चौदा हजार! कमाल केलीत तुम्ही!" आबा खुर्चीत बसूनच म्हणाले, "मग! शिस्त पायजे." मागून अक्का पेंडेची बादली घेऊन गोठ्याकडं चालल्या होत्या, घड्याळासकट.

तेव्हापासून असंच चाललं. पाणी, सरपण, शेण, गोठा, टाकीचा जिना, उरलेल्या खाचराची खेप. पावलं अक्कांची आणि नाव आबांचं. गाडीचा आवाज आला की घड्याळ अक्कांच्या हातावरून आबांच्या हातावर जायचं. त्या एका कामात आबा फार चपळ होते.

संदीपनं ते आकडे सगळ्यांना पाठवले. सोसायटीत आरोग्याचा कार्यक्रम होता, तिथं आबांचा सत्कार ठेवला. आम्हा दोघींनाही बोलावणं होतं, आम्ही मागच्या खुर्च्यांवर बसलो. आबा घड्याळ घालून माइकसमोर उभे राहिले आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत काय खातात ते सांगितलं. मेथीचं पाणी, सोललेले बदाम, कारल्याचा रस, पाट्यावरची पूड. काही बायका लिहून घेत होत्या. अकोल्याकडची एक बाई उठून म्हणाली, "काका, एवढं सगळं सकाळच्या पारी करते कोण?"

"आपलं आपुन करायचं," आबा म्हणाले. "कुनावर अवलंबून ऱ्हायचं न्हाई."

टाळ्या झाल्या. अक्कांनी पदर तोंडात कोंबला, खांदे हलत होते. येताना त्या म्हणाल्या, "पावलं माजी आन शाल ह्यांला."

"राग येत न्हाई तुमाला?"

"शाल ऊबदार हाय. रेडकाला हुईल."

मीही हसले तेव्हा. आता वाटतं, हसायला नको होतं.

भाताची झोडणी झाली आणि अक्का अंगानं उतरल्या. आधी मला वाटलं कामानं. तोंडावर पांढुरकी कळा, ओठ फिके. बादली घेऊन निघाल्या की अर्ध्या वाटेत खाली ठेवायच्या. जिना चढून टाकी बघायला गेल्या की वरच बसून राहायच्या. तांदूळ निवडताना मूठ-मूठ कच्चे तांदूळ चघळायच्या. "छातीत पाखरू शिरल्यावानी फडफडतंय," म्हणाल्या एकदा. मी म्हणाले, दवाखान्यात चला. "झोडनीचा शीण हाय, उतरंल."

मी मालकांना सांगितलं, त्यांनी आबांना सांगितलं. आबा म्हणाले, "तिला म्हनावं, खात जा कायतरी." झालं. तेवढ्यावर विषय मिटला.

एका रविवारी सकाळी संदीपची गाडी घाईघाईनं अंगणात शिरली. नेहमीप्रमाणं घड्याळ आबांच्या हातावर गेलं होतं.

"आबा, चार दिवस झाले, तुमचे ठोके बसल्या जागी एकशे वीसच्या वर जातायत," संदीप म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "लाल रंगात येतंय सगळं. कपडे घाला, आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलला जायचंय."

आबांचा हात छातीवर गेला. खरंच घाबरले. माणूस भ्याला की विसरतो, त्यांच्याही ध्यानात आलं नसावं. मग त्यांनी मनगटाकडं पाहिलं, मग अक्कांकडं पाहिलं. त्यांच्या ध्यानात आलं ते मी माझ्या दारातून पाहिलं. आणि ते गाडीत जाऊन बसले.

मला वाटलं, वाटेत सांगतील. गाडीत बाप आणि लेक दोघंच. तिथं कुठली शाल आणि कुठला माइक. भूगावच्या अलीकडं गाडी फिरेल आणि संदीप आईला न्यायला येईल. मी दुपारपर्यंत रस्त्याकडं बघत राहिले. अक्का देवापुढं बसल्या होत्या, "ह्यांला कायतरी झालं तर?" म्हणून. बोलतानाही त्यांना धाप लागत होती.

"अक्का, त्ये ठोके तुमचे हायेत," मी म्हणाले.

"माजे कशाला आसतील? मला काय झालंय?"

संध्याकाळी गाडी आली. आबा उतरले ते हातात पेढ्यांचा पुडा घेऊन. अंगणात शेजारची चार माणसं जमली होती. "सगळ्या मशिनी लावल्या," आबा म्हणाले. "डाक्टर म्हनला, तिशीतल्या गड्याचं काळीज हाय." एक पेढा त्यांनी स्वतःच्या तोंडात टाकला.

"घड्याळच बिघडलंय, काकी," संदीप मला म्हणाला. "उगाच घाबरलो. उद्या कंपनीला परत करतो."

आबांनी मनगटावरून घड्याळ काढलं आणि त्याच्या हातात दिलं. "कर परत. पयल्यापासनंच खोट हाय त्यात."

अक्का पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या आणि चौकटीला धरून उभ्या राहिल्या. ओठांना रंग नव्हता. आबांनी त्यांच्याकडं पाहिलं आणि पुडा शेजाऱ्यापुढं धरला.

एवढ्या वर्षांत मी आबांच्या हावरेपणाला हसले, बढाईला हसले. त्या घडीला मला कळलं की यांना चार माणसांत खोटं पडण्यापेक्षा बायको गेलेली चालेल. असं ठरवून नाही. ठरवण्याइतकासुद्धा विचार त्यांनी केला नसेल.

संदीप गाडीकडं वळला. मी उंबरा ओलांडून अंगणात गेले. पदर सावरायचा राहिला.

"संदीप, घड्याळ चांगलं हाय," मी म्हणाले. "ते तुज्या आईच्या हाताला आसतं. पावलंबी तिची, ठोकेबी तिचेच."

 आबा माझ्याकडं वळले.

"तुला कुनी इचारलं?"

तीस वर्षांत ते माझ्याशी पहिल्यांदा बोलले ते हे.

आणि अक्का, त्या परिस्थितीत, चौकटीला टेकून म्हणाल्या, "आरं, मीच मागितलं व्हतं. मला आवडतंय त्ये. ह्यांचं काय न्हाई त्यात."

 संदीपनं आईचा हात धरला, बांगड्या वर सारल्या. पट्ट्याखालची कातडी पांढरी पडली होती. त्यानं घड्याळ तिथं बांधलं, मोबाईल बघत थोडा वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "आई, गाडीत बस."

"आरं, धार काढायची ऱ्हायलीय."

"काकी काढेल. बस."

अक्कांच्या अंगात रक्तच नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन गेले तेव्हा त्यांना बाटली लावली होती. डॉक्टरीणबाई सांगत होत्या की असलेलं थोडं रक्त फिरवायला हृदय दिवसरात्र धावतंय, त्याचे ते ठोके. धावून धावून ते सुजलंय. आणखी थोडे दिवस असेच गेले असते तर थकून थांबलं असतं. मग त्यांनी अक्कांना विचारलं, "मावशी, जेवणात काय असतं?"

"समदं आसतंय," अक्का म्हणाल्या. "नाचनी, मूग, बादाम, कारलं. आमच्यात लई पथ्यपानी हाय."

"ते घरात असतं हो. तुमच्या ताटात काय असतं?"

अक्कांनी माझ्याकडं पाहिलं. सालांचा विनोद त्यांनी डॉक्टरीणबाईंना सांगितला नाही.

आबा तिसऱ्या दिवशी आले. खाटेच्या पायथ्याशी उभं राहून म्हणाले, "कदी सोडनार हितनं? माज्या खान्यापिन्याचं लई हाल चाललेत." हाल कसले, त्यांचं ताट माझ्या घरून जात होतं. मी काही वेगळं केलं नाही, आमचंच आमटी-भात वाढलं. भात बंद असलेल्या माणसानं तीन तीनदा मागून घेतला.

संदीपनं आईला दोन महिने आपल्याकडं ठेवलं. परत आणून सोडताना त्यानं बापाला एकच सांगितलं, आई आधी जेवेल, तुमच्या समोर बसून, मग तुम्ही. आबांनी मान हलवली. ती मान हलवणं मी मनात जपून ठेवलंय. फार कमी वेळा हलली ती.

पण माणूस बदलला असं कुणाला वाटत असेल तर पुढचं ऐका. मी सोसायटीत दूध घालायला जाते. महिनाभरानं एका सकाळी किटली घेऊन चालले होते, तर आबा बाकावर बसलेले, भोवती पाच-सहा जण.

"मला आदीपासनंच संशय व्हता," आबा सांगत होते. "तिच्या चेहऱ्यावरनं वळाकलं मी. म्हून मुद्दाम घड्याळ काडून तिच्या हाताला बांदलं. पोराला काय बोललो न्हाई, उगा घाबरंल. ठोके वर गेले आन लगेच हास्पिटल."

अकोल्याच्या बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. "नशीबवान आहेत काकू," ती म्हणाली.

आबांनी मला पाहिलं. मी तिथंच, चार हातांवर होते. ते थांबलेसुद्धा नाहीत. उलट म्हणाले, "हिला इचारा की. ही व्हती तवा." सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी काही न बोलता पुढं गेले. अंगणात बोलले होते तेवढं बोलणं मला वर्षभर पुरणार होतं. पण ते गप्प राहणंच होकार धरला गेला, आणि त्याचंच भाषण घाटावर झालं. तेवढी चूक माझी.

अक्कांना सांगितलं तर म्हणाल्या, "म्हनू दे. मी जिती हाय ना?"

आबा या वर्षी गेले. दुपारी जेवून झोपले ते उठले नाहीत. तिशीतल्या गड्याचं म्हणून सांगितलेलं काळीज पासष्टीतच थांबलं. त्याच्या चार दिवस आधीची गोष्ट सांगते, कारण मी त्यांना नीट पाहिलं ते शेवटचं. त्यानंतर ते फक्त अंगणातून येता-जाता दिसले.

ते पौडहून आले, हातात कागदाची पुडी. माझ्या दाराशी थांबले. भिंतीशी नाही, माझ्याशीच बोलले. अंगणातल्या त्या दिवसानंतर अधूनमधून बोलायचे, रागानं का होईना.

"ह्याचं काय करत्यात?" पुडीत अळीव होतं, लाल बारीक बी. "दुकानदार म्हनला, रक्ताला चांगलं."

अळीव बाळंतिणीला देतात. साठीच्या बाईला आणलं होतं. मी म्हणाले, "भिजवून खीर करत्यात. द्या, मी करते."

"नगं," आबा म्हणाले आणि आत गेले.

मी माझ्या खिडकीतून पाहत राहिले. या माणसाला आपल्या घरात दुधाचं पातेलं कुठं असतं हे ठाऊक नव्हतं. तीन डबे उघडले. गॅस लावायला चार काड्या. अळीव न भिजवताच तुपात टाकलं, ते तडतडून बाहेर उडालं. मग दूध ओतलं, गूळ टाकला, आणि ढवळायचं सोडून ते पळीकडं बघत उभे राहिले. करपल्याचा वास माझ्यापर्यंत आला. वाटीत काढलं ते चिकट, काळसर, गुठळ्या झालेलं. अक्का गोठ्यातून आल्या, त्यांच्यापुढं वाटी ठेवली.

"खा," आबा म्हणाले आणि बाहेर खुर्चीत जाऊन बसले. जन्मात एकदा पातेलं हलवलं त्याचा तोरा पाठीवरसुद्धा दिसत होता. करपलेलं पातेलं अर्थातच मोरीत तसंच पडलं होतं. मी जाऊन राखेनं घासायला बसले. अक्कांनी वाटी पुसून पुसून खाल्ली.

"अक्का," मी म्हणाले, "कसली खाल्लीत ती? जनावरानं तोंड लावलं नसतं."

अक्का बोटं चाटत म्हणाल्या, "गरम व्हती गं."

मोरीच्या खिडकीतून आबांची पाठ दिसत होती. फोन कानाला, बोट वर. संदीपला सांगत होते. "अळीवाची खीर केली मी. तुज्या आईला. सोपं आसतं. आदी तुपात परतायचं, कळलं का? मग दूध."

"आदी भिजवायचं," मी खिडकीतून म्हणाले.

आबांनी मागं वळून पाहिलं नाही. फोनमध्ये म्हणाले, "आदी भिजवायचं."